माणसं उबेत, पाइप गारठ्यात : थंडीत कॅम्पर कसा सांभाळायचा

नाशिकच्या माणसाला थंडी कोणी शिकवू नये असं मला वाटायचं. निफाडचा पारा किती घसरला ते पेपरात वाचत मोठे झालोय आम्ही, महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठल्याचा फोटो आला की स्वेटर काढायचा, शेकोटी पेटवायची, झालं. पण पाण्याचा पाइप गोठून फुटतो ही गोष्ट काही आपल्या अनुभवात नसते, आणि अमेरिकेत येऊन घरात राहिलं तरी सहसा नसते, कारण घराला जाड भिंती असतात, पाइप आतून फिरवलेले असतात. मग आम्ही कोलोरॅडोत एक सेकंडहँड ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, म्हणजे गाडीमागे ओढायचा कॅम्पर, चाकांवरचं घरच, चोवीस फुटी, विकणारा म्हणाला हा फोर सीझन (बाराही महिने चालणारा) आहे बिनधास्त जा, आणि आम्ही नोव्हेंबरात गनिसनला गेलो, बिनधास्त.

गनिसन साधारण ७,७०० फुटांवर, आजूबाजूला डोंगर, रात्री वरची थंड जड हवा घरंगळत खाली येते आणि दरीत पाण्यासारखी साचून बसते, म्हणून तिथला गारठा नावाजलेला. आम्ही विजेच्या कनेक्शनवाल्या जागेवर होतो, वीज भाड्यात आलीच आहे मग गॅस कशाला जाळा असा आपला हिशोब करून छोटा इलेक्ट्रिक हीटर लावला, आत मस्त २१ डिग्री, पोरं टीशर्टवर, बाहेर उणे १४. सकाळी चहाला नळ उघडला तर नुसतं फुस्स. दुपारी उन्हाने वितळलं आणि मग ट्रेलरच्या पोटातून टपटप सुरू झाली, पंपाजवळचा एक एल्बो, म्हणजे पाइपाची कोपऱ्यातली जोडणी, चिरला होता.

म्हणजे ऊब होती, पण ती आमच्याकडे होती, पाइपाकडे नव्हती. खाली जे काही लिहिलंय ते सगळं ह्याच भानगडीबद्दल आहे.

आधी पाइप फुटतो कसा ते बघू, कारण बहुतेकांचा (माझाही) इथेच गैरसमज असतो. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं हे शाळेत शिकलोय, त्यामुळे वाटतं की जिथे बर्फ झाला तिथेच पाइप फाटला. बऱ्याचदा तसं नसतं. पाइपात मध्येच कुठेतरी बर्फाचं बूच बसतं, ते वाढत जाताना पुढच्या पाण्याला ढकलतं, पुढे नळ बंद, पाणी काही दाबून लहान होत नाही, मग त्या कोंडलेल्या पाण्याचा दाब इतका चढतो की जिथे कच्चं असेल तिथे फाटतं आणि ती जागा बर्फापासून चांगली लांबही असू शकते. कॅम्परमध्ये हल्ली पेक्सचे (लवचिक प्लास्टिकचे) पाइप असतात, ते थोडे ताणतात म्हणून वाचतात, पण त्यांच्या प्लास्टिकच्या जोडण्या, पाण्याचा पंप, फिल्टरचं भांडं, नळाच्या आतला आणि टॉयलेटचा व्हॉल्व्ह, हे काही ताणत नाहीत, तडकतात. म्हणून आता गोठणारच असं दिसलं की पंप बंद, बाहेरचं पाणी बंद, आणि सगळे नळ उघडे, म्हणजे दाबाला वाट मिळते.

दुसरं म्हणजे सगळं पाणी एका वेगाने गोठत नाही. ५ डिग्रीचं पाणी शून्यावर यायला फारशी उष्णता जावी लागत नाही, पण शून्याच्या पाण्याचा बर्फ व्हायला तिच्या जवळजवळ सोळापट जावी लागते. १५० लिटरची भरलेली टाकी अख्खी गोठायची तर साधारण १४ युनिट विजेइतकी उष्णता बाहेर पडायला हवी, ते एका रात्रीत सहसा होत नाही. उलट अर्ध्या इंची पाइपात मीटरभर लांबीला जेमतेम १२० मिलिलिटर पाणी, तेवढ्याचा बर्फ व्हायला काही तास पुरतात. त्यामुळे काळजी टाकीची कमी आणि बारीक पाइप, कोपरे, जोडण्या ह्यांची जास्त करायची.

आता मुख्य मुद्दा, फर्नेस की हीटर.

इथल्या ट्रेलरमध्ये प्रोपेन गॅसवर चालणारी फर्नेस, म्हणजे गरम हवा फुंकणारी भट्टी, बसवलेली असते, आमच्या आकाराच्या ट्रेलरला तासाला ३०,००० बीटीयूच्या (बीटीयू हे उष्णतेचं इथलं माप) आसपासची, म्हणजे साधारण ८.८ किलोवॅट. दुकानात मिळणारा इलेक्ट्रिक हीटर असतो १,५०० वॅटचा, मग तो २० डॉलरचा असो की २०० चा, बॉक्सवर काहीही लिहिलेलं असो, ऊब तेवढीच. म्हणजे एक फर्नेस म्हणजे जवळपास सहा हीटर. आणि सहा हीटर तुम्ही लावूच शकत नाही, कारण ३० अँपिअरच्या कनेक्शनवर एकूण ३,६०० वॅट मिळतात, दोन हीटर लावून कोणी मायक्रोवेव्ह चालू केला की ब्रेकर पडतो. एकच हीटर लावला तरी तो १२.५ अँपिअर खातो, रात्रभर, सलग, त्यामुळे हलकी एक्स्टेन्शन वायर वापरली की प्लग हाताला चटका देईल इतका तापतो. हे प्लग अधूनमधून हात लावून बघत जा.

पण आकड्यांपेक्षा महत्त्वाचं वेगळंच आहे. ज्या ट्रेलरचं पोट बंदिस्त आहे, म्हणजे खालून प्लास्टिकचा पत्रा मारलेला आहे, त्यात टाक्या आणि बरेचसे पाइप त्या पोटात असतात, आणि फर्नेसच्या गरम हवेचा एक डक्ट मुद्दाम तिकडे सोडलेला असतो. फर्नेस चालली तर पोटाला ऊब. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून फर्नेस चालू-बंद करणारा डबा, मात्र वर, सोफ्याशेजारच्या भिंतीवर. मी हीटर लावून सोफ्याशेजारची हवा २१ वर ठेवली, थर्मोस्टॅटला वाटलं सगळं झकास चाललंय, फर्नेस रात्रभर एकदाही पेटली नाही, आणि खाली पोटात गरम हवेची एक झुळूकही गेली नाही. म्हणजे मी गॅस वाचवत नव्हतो, पाइपांचा शेक बंद करत होतो! घराच्या सवयीने हे लक्षातच येत नाही कारण घरात हॉल गरम तर पाइप बहुतेक गरम.

त्यामुळे कडक थंडीत फर्नेस मुख्य आणि हीटर जोडीला, उलटं नाही. हीटर अगदी मंद ठेवायचा, थर्मोस्टॅटपासून लांब, म्हणजे फर्नेस ठराविक वेळाने पेटत राहते. सिंकखालच्या आणि बाथरूमच्या कपाटांची दारं रात्री उघडी ठेवायची, पंप जिथे आहे तो कप्पाही. आणि एक वायरलेस थर्मामीटर घ्यायचा, स्वस्तात मिळतो, त्याचा सेन्सर पोटात किंवा जिथे पाण्याच्या जोडण्या आहेत त्या कप्प्यात टाकायचा आणि आकडा आत उशाशी बघायचा. तो ४-५ डिग्रीपर्यंत उतरला की उठायचं. माझ्या मते सगळ्या सामानात हीच एक वस्तू आधी घ्यावी, बाकी नंतर. आणि जुना ट्रेलर असेल तर पोटाचा पत्रा एका बाजूने सोडवून डक्ट खरंच जागेवर आहे ना ते बघा, तो निसटून कुठेतरी भलतीकडेच फुंकत बसलेला असू शकतो. फोर सीझन ह्या शब्दावर जाऊ नका, त्याची काही ठरलेली सरकारी व्याख्या वगैरे नाही, ज्याला वाटेल तो स्टिकर लावतो.

गॅस किती लागतो? इथला नेहमीचा सिलिंडर २० पौंडाचा, म्हणजे आत ९ किलो प्रोपेन (आपला घरचा लाल सिलिंडर १४.२ किलोचा असतो, त्या मानाने छोटाच). त्यात साधारण ४,३०,००० बीटीयू, म्हणजे ३०,००० ची फर्नेस सलग चालली तर १४ तास, आणि अर्धा वेळ चालली तर सव्वा दिवस. आमचे दोन सिलिंडर कडाक्यात अडीच दिवसांत रिकामे, हे आधीच धरून चालायचं. प्रोपेनचा फायदा असा की तो उणे ४२ डिग्रीपर्यंत वायू होऊ शकतो, म्हणून इथल्या थंडीत सिलिंडर बाहेर उघड्यावर असला तरी चालतं. भारतातल्या एलपीजीत ब्युटेनही असतो आणि ब्युटेन शून्याच्या जवळच वायू व्हायचं बंद करतो, त्यामुळे लडाख-स्पितीला हिवाळ्यात व्हॅन घेऊन जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा, सिलिंडर हलवला तर आत गॅस खळखळतोय आणि शेगडी मात्र मरतुकडी पेटतेय असं होतं.

गॅस आहे म्हणजे फर्नेस चालेल असंही नाही बरं का. तिचा पंखा १२ व्होल्टवर चालतो, ८ अँपिअरच्या आसपास खातो. विजेचं कनेक्शन नसेल तर बारा तासांच्या रात्रीत ती सहा तास चालली तरी ४८ अँपिअर-अवर गेले, आणि १०० च्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्मेच वापरायचे असतात, थंडीत त्याहून कमीच मिळतात. पहाटे चारला गॅस भरलेला आणि बॅटरी मेलेली, हा प्रकार फार कॉमन आहे. लिथियमवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवायचं, ती बॅटरी शून्याखाली असताना चार्ज करायची नाही, खराब होते, म्हणून ती आतच ठेवलेली बरी.

आता धोक्याचं. फर्नेसचं एक बरं असतं की ती जळायला हवा बाहेरून घेते आणि धूर बाहेर टाकते (तिचं बाहेरचं तोंड बर्फाने बुजलं नाही ना ते मात्र रोज बघायचं). पण ते छोटे गॅसचे हीटर, ज्यांना धुराडं नसतं, ते जे काही सोडतात ते आतच सोडतात. एक किलो प्रोपेन जळला की १.६ किलो पाण्याची वाफ होते, म्हणजे एक अख्खा सिलिंडर आत जाळला तर चौदा लिटरच्या वर पाणी तुम्ही स्वतःच्या भिंतींवर शिंपडलं. त्या हीटरांत ऑक्सिजन कमी झाला की हीटर बंद करणारा सेन्सर असतो, चांगली गोष्ट आहे, पण ७,००० फुटांच्या वर हवाच विरळ असल्याने तो हीटर उगाचच बंद पडू शकतो, कोलोरॅडोत हा अनुभव येतोच. आणि ऊब यावी म्हणून स्वयंपाकाची शेगडी किंवा ओव्हन पेटवून ठेवणं हे तर अजिबात नाही. बाथरूममधल्या गॅस गिझरने गुदमरल्याच्या बातम्या आपल्याकडे वाचतो ना, तोच हा कार्बन मोनॉक्साइड, ना वास ना रंग, डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते आणि माणूस झोपतो. अलार्म लावलेला असतोच पण त्यालाही एक्स्पायरी असते, मागे तारीख छापलेली असते, सेकंडहँड गाडीत ती हमखास उलटून गेलेली असते. आमचीही उलटून गेली होती, बायकोने बघितलं, मी नाही.

डिझेल हीटरबद्दल थोडक्यात, कारण हल्ली सगळे विचारतात. ट्रकवाल्यांच्या जगातून आलेली गोष्ट, धूर बाहेर, कोरडी ऊब आत, डिझेल फार लागत नाही. व्हॅनला उत्तम. पण मोठ्या ट्रेलरच्या पोटाला तो ऊब देत नाही, म्हणजे परत माझा इलेक्ट्रिक हीटरवालाच गोंधळ, फक्त डिझेलवर.

बाहेरच्या पाण्याचं बोलू. सगळ्यात आधी गोठतो तो कॅम्पग्राउंडच्या नळापासून ट्रेलरपर्यंतचा होज. गरम होणारे होज मिळतात, आत तार असते, विजेवर चालतात, ठीक आहेत, पण होज गरम असला तरी तो ज्या नळाला लावलाय तो आणि ट्रेलरकडची पितळी जोडणी उघडीच राहते आणि नेमकी तीच गोठते, त्यामुळे तिथे हीट टेप (विजेवर तापणारी पट्टी) गुंडाळून वर फोम लावावा लागतो (टेपचे वेढे एकमेकांवर चढवू नका, साधी टेप तिथे जळते). मी आता एवढं करतच नाही. संध्याकाळी ट्रेलरची पिण्याची टाकी भरून घेतो, होज सोडवतो, झटकून रिकामा करतो, गुंडाळून आत. रात्रभर पंपावर. मघाशी टाकीचं गणित सांगितलं ते ह्यासाठीच, भरलेली टाकी एका रात्रीला सहज टिकते. शिवाय बऱ्याच ठिकाणी जमिनीतून वर आलेला तो उंच दांड्याचा नळ असतो, त्याचा खरा व्हॉल्व्ह खोल जमिनीत असतो आणि बंद केल्यावर वरच्या नळीतलं पाणी खाली निथळून जातं म्हणून तो गोठत नाही, पण होज लावलेलाच ठेवला तर निथळायला हवा मिळत नाही आणि नळ गोठतो, मग कॅम्पग्राउंडवाला तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो ते विचारू नका.

घरात लोक नळ बारीक धारेने सोडून ठेवतात. २०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये बर्फाने हाहाकार झाला, लाखो घरांची वीज गेली, किती तरी घरांत पाइप फुटले, तेव्हा ह्यूस्टन-डॅलसच्या आपल्या मंडळींनीही हेच केलं होतं आणि घरासाठी ते बरोबरच आहे. कॅम्परमध्ये मात्र ही युक्ती अंगावर येते. ती धार जाणार कुठे? सांडपाण्याच्या ग्रे टाकीत. टाकीचा व्हॉल्व्ह बंद ठेवला तर सकाळपर्यंत टाकी भरून पाणी बाथरूमच्या जाळीतून वर येतं, आणि उघडा ठेवला तर ती बारीक धार बाहेरच्या सांडपाण्याच्या होजमध्ये थर थर करत गोठते आणि सकाळी तिथे बर्फाचं धरण. म्हणून थंडीत दोन्ही टाक्यांचे, म्हणजे ह्या ग्रे टाकीचा आणि टॉयलेटच्या टाकीचा, व्हॉल्व्ह बंद, टाकी भरत आली की दुपारच्या उन्हात एकदाच धाडकन सोडायची, होज उतरवून ठेवायचा.

वाऱ्याबद्दल एक गंमत. हवामानवाले विंड चिल सांगतात, उणे २० वाटेल वगैरे, ते माणसाच्या कातडीसाठी असतं. हवा जर २ डिग्रीची असेल तर कितीही वारा आला तरी पाइप २ च्या खाली जाणार नाही. पण हवा शून्याखाली असली की वारा पोटाखालची सगळी ऊब ओरबाडून नेतो आणि जे पहाटे गोठलं असतं ते रात्री अकरालाच गोठतं. म्हणून जे लोक महिनोन्‌महिने एका जागी राहतात ते ट्रेलरच्या खालून जमिनीपर्यंत झालर लावतात, फोमच्या शीटची, ताडपत्रीची, काही जण चक्क बर्फच रचतात आणि तोही कामाला येतो, कारण काम वारा अडवायचं आहे. निफाडला मामांची द्राक्षबाग आहे, त्यांना फोनवर हे सगळं सांगत होतो तर ते म्हणाले, "अरे मग नवीन काय, आम्ही बागेत पहाटे शेकोट्या करतो, ड्रिप सोडतो विहिरीच्या पाण्याची, विहिरीचं पाणी कोमट असतं ना. घरात शेगडी पेटवून बाग वाचते का?" मी म्हटलं मामा तुम्हाला आधी फोन करायला हवा होता.

आतली थंडी बहुतेक खिडक्यांतून आणि छताच्या झरोक्यांतून येते. भिंत जेमतेम दीड-दोन इंच, काच बऱ्याचदा एकेरी. चंदेरी फॉइलवाले फोमचे तुकडे कापून खिडकीत बसवले, झरोक्यात उशी कोंबली की फरक लगेच कळतो. पण सगळंच घट्ट बंद करू नका, झोपलेला माणूस श्वासातून आणि घामातून रात्रभरात पावशेर-अर्धा लिटर पाणी सोडतो, चार माणसं म्हणजे बघा, ते सगळं काचेवर आणि गादीखाली जमतं आणि आठवड्यात बुरशी. एक खिडकी बोटभर उघडी, एक पंखा मंद. थोडी ऊब जाते, जाऊ द्यायची.

आणि एवढं करूनही गोठलंच तर? पंप बंद, नळ उघडा, आणि हेअर ड्रायर. नळाच्या बाजूने सुरू करून मागे मागे जायचं, म्हणजे वितळलेलं पाणी बाहेर पडतं. गॅसचा ब्लोटॉर्च, लायटर, उघडी ज्योत काही नाही, आजूबाजूला सगळं लाकूड, फोम आणि गॅसची लाइन आहे. पाणी सुटलं की लगेच पंप लावून खूश होऊ नका, आधी सगळ्या जोडण्यांखाली कोरडा टिश्यू फिरवा, चिरलेली जोडणी गोठलेली असेपर्यंत गळत नाही, वितळल्यावर गळते, आमच्यासारखी.

जाणारच नसाल हिवाळ्यात कुठे, तर पाणी काढून ट्रेलर झोपवून ठेवायचा. सगळ्या टाक्या रिकाम्या, पाणी तापवायचा हीटर गार झाल्यावर, दाब सोडून, रिकामा. त्याच्या मागे दोन-तीन छोटे व्हॉल्व्ह असतात, ते फिरवून त्याला बायपास करायचं, नाहीतर महागाचं गुलाबी अँटिफ्रीझ (थंडीत पाइपांत भरून ठेवायचं, सहजी न गोठणारं द्रव) त्या २३ लिटरच्या भांड्यातच जातं. मग पंपाला ते गुलाबी पाजायचं आणि एकेक नळ, गरम आणि गार दोन्हीकडून, गुलाबी येईपर्यंत उघडायचा, टॉयलेट, शॉवर, आणि बाहेरच्या बाजूचा तो शॉवर जो सगळे विसरतात. शेवटी प्रत्येक ड्रेनमध्ये कपभर. हे अँटिफ्रीझ प्रोपिलीन ग्लायकॉलचं असतं, पिण्याच्या पाइपांना चालणारं. कारच्या रेडिएटरचं हिरवं चुकूनही नाही, ते एथिलीन ग्लायकॉल, विष आहे.

आणि वसंतात पाणी परत भराल तेव्हा ते बायपासचे व्हॉल्व्ह उलटे फिरवायला विसरू नका. विसरलात तर हीटर रिकामाच राहतो, आणि रिकाम्या हीटरचं विजेचं बटण दाबलं की आतला एलिमेंट लगेच जळतो. मी दाबलं होतं.